शेवटच्या ओळीतील श्रावक

‘श्रावक’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. जो ऐकतो तो श्रावक. जी ऐकते ती श्राविका. उत्तराध्ययन सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात जीवाला दुर्लभ असलेली चार अंगे सांगितली आहेत. मनुष्यजन्म, धर्मश्रवण, श्रद्धा आणि संयमातील पुरुषार्थ, असा त्यांचा क्रम आहे. श्रद्धेच्या आधी श्रवण येते. ते घडले नाही तर पुढची दोन्ही अंगे अडून राहतात. समाजात प्रवचनाची तयारी करताना मंडप, बैठक, गौतमप्रसादी, पाहुण्यांचा निवास या सर्वांचा बारकाईने विचार होतो. परंतु सभागृहाच्या शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसाला प्रवचनातील शब्द स्पष्ट कळतो की नाही, याची विचारणा क्वचितच होते. त्याच्यापर्यंत आवाज पोहोचतो. शब्द पोहोचतोच असे नाही.

लहान गावांत हा प्रश्न अधिक जाणवतो. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे नागपूर–अमरावती महामार्गावरील तालुक्याचे गाव. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे भट्टारकपीठांचे आणि जुन्या ग्रंथभांडारांचे गाव निराळे. नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत होते. घाडग्यांचे कारंजे कापूस, सोयाबीन आणि संत्री यांच्या पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव आहे. नागपूर आणि अमरावती यांच्या दरम्यान महामार्गाने पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या वाटेवर ते येते. अशा गावी मुक्कामाचा निरोप बहुधा एक-दोन दिवस आधी मिळतो आणि प्रवचनासाठी मिळेल ते मंगल कार्यालय, शाळेची मोठी खोली किंवा एखाद्या व्यापाऱ्याचे रिकामे गोदाम सज्ज केले जाते. बिछायत केंद्रातून सतरंज्या, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक एकाच गाडीतून येतात. ध्वनिक्षेपकांची मांडणी मात्र लग्नातलीच राहते. व्यासपीठाच्या दोन्ही अंगांना एकेक मोठा स्पीकर, त्याचे तोंड सरळ समोरच्या भिंतीकडे, आणि आवाजाची कळ शक्य तितकी वर. वरातीच्या जल्लोषाला ही मांडणी चालते. शब्दाशब्दाने उलगडणाऱ्या व्याख्यानाला ती मारक ठरते.

समवसरणाचा आदर्श

जैन परंपरेत श्रवणाच्या व्यवस्थेचे एक भव्य चित्र आहे. समवसरणात तीर्थंकर मध्यभागी उंच आसनावर विराजमान असतात. त्यांच्या सभोवती बारा सभा वर्तुळाकार बसतात. त्यांत देव, मनुष्य, साधु, साध्वी, श्रावक, श्राविका आणि तिर्यंच अशा सर्वांना स्थान असते. चारही दिशांना बसलेल्यांना तीर्थंकरांचे मुख आपल्याचकडे आहे असे दिसते आणि त्यांची वाणी योजनभर सर्वांना सारखी ऐकू येते. दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांत या वाणीच्या स्वरूपाविषयी मतभेद आहेत. परंतु ती सर्वांपर्यंत समान पोहोचते, याविषयी एकमत आहे.

हा अतिशय माणसाला साधणारा नाही. त्यामागील न्याय मात्र कोणत्याही सभागृहात लावून पाहता येतो. पहिल्या ओळीतील यजमान आणि शेवटच्या ओळीतील वृद्धा यांच्या कानांवर शब्द जवळपास सारख्याच स्पष्टतेने पडला, तर ध्वनिक्षेपकांची मांडणी योग्य झाली. पहिल्या ओळीने कानांवर हात ठेवले आणि शेवटच्या ओळीने मान पुढे काढली, तर स्पीकर कितीही भारी असले तरी मांडणी चुकली.

आवाजाचा हिशेब

व्यापारी कुटुंबांना हिशेबाची भाषा जवळची. ध्वनीचा हिशेबही फारसा अवघड नाही. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. म्हणजेच ती ६ डेसिबलने उतरते. पहिली ओळ स्पीकरपासून ६ फुटांवर आणि शेवटची ४८ फुटांवर असेल, तर अंतर आठपट झाले. स्पीकरकडून थेट येणारा ध्वनी शेवटच्या ओळीला पहिल्या ओळीच्या ६४ व्या भागाइतका, म्हणजे १८ डेसिबलने कमी मिळतो.

आता ही तूट भरून काढण्यासाठी समाजात बहुधा जो उपाय सुचतो, त्याचा हिशेब पाहावा. कोणीतरी उदारपणे १०० वॅटच्या जागी २०० वॅटचा संच भेट देतो. शक्ती दुप्पट झाली. ध्वनी वाढला अवघा ३ डेसिबल. इतका फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. याउलट श्रोता आणि स्पीकर यांच्यातील अंतर निम्मे केले, तर थेट ध्वनी ६ डेसिबलने वाढतो आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. भांडवल वाढवण्याआधी माल योग्य जागी ठेवावा, हा पेढीवरचा साधा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

बंद सभागृहात आणखी एक गोष्ट घडते. ध्वनी भिंती, छत आणि संगमरवरी फरशी यांवरून परत परत उसळतो. मागच्या ओळीत थेट येणारा शब्द क्षीण झालेला असतो आणि उसळून आलेल्या ध्वनीचा गलका त्याच्यावर चढतो. अशा वेळी आवाज वाढवला तर शब्द आणि गलका दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात आणि अस्पष्टता जशीच्या तशी राहते. स्वर बलवान असतात, ते टिकतात. प, त, क, स, ह यांसारखी व्यंजने मुळातच क्षीण, ती आधी हरवतात. मग ‘तप’ आणि ‘जप’, ‘दान’ आणि ‘मान’ यांतील भेद कळेनासा होतो, आणि श्रोता संदर्भावरून अंदाज बांधत राहतो. तासभर असा अंदाज बांधणे थकवणारे असते. प्रवचनात मागच्या ओळींना येणाऱ्या डुलकीचा दोष सर्वस्वी प्रमादाला देणे म्हणूनच न्याय्य नाही.

सभागृह ऐकते कसे

या घुमण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रथम अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झाला. तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि व्याख्यान कळत नसे. १८९५ मध्ये वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम सोपवण्यात आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून व्याख्यानगृहात मांडल्या आणि प्रत्येक वेळी घुमण्याचा काळ मोजला. गाद्या वाढल्या तसा तो काळ घटत गेला. त्यातून जे सूत्र सिद्ध झाले, ते आजही जगभर वापरले जाते.

त्या सूत्राने एक नेहमीचे सभागृह तपासून पाहता येईल. लांबी ६० फूट, रुंदी ३० फूट, उंची १३ फूट. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना गिलावा, वर स्लॅब. हे सभागृह रिकामे असताना शब्द सुमारे साडेसहा सेकंद घुमेल. शंभर माणसे येऊन बसली की हाच काळ पावणेदोन सेकंदांच्या आसपास येतो, कारण माणसाचे शरीर आणि वस्त्र ध्वनी शोषून घेतात. मागच्या व बाजूच्या भिंतींवर सुमारे ४०० चौरस फुटांचे जाड, चुण्यांचे पडदे सोडले, तर तो सव्वा सेकंदाच्या जवळ उतरतो. बोलण्यासाठी एक सेकंदाच्या आसपासचा काळ उत्तम मानला जातो.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी की, रिकाम्या सभागृहात ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणून ठरवलेली मांडणी भरलेल्या सभागृहाला लागू पडत नाही. निदान वीस-पंचवीस माणसे बसवून ती तपासावी. दुसरी अशी की, पडदे, सतरंज्या आणि गाद्या ही ध्वनिक्षेपकांच्या खर्चातलीच एक बाब समजावी. उघडी खिडकी तर पूर्ण शोषक असते, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परतत नाही. सेबाइनने आपले मोजमापच उघड्या खिडकीवर बेतले होते. मात्र महामार्गालगतच्या गावात खिडकी उघडताना दिशा पाहावी लागते. रस्त्याच्या बाजूची खिडकी उघडली तर मालमोटारींची घरघर आत येते. परसाकडची उघडली तर तेवढाच लाभ विनासायास मिळतो.

मांडणीचे नियम

स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला असावा. तो वक्त्याच्या मागे किंवा अगदी बरोबरीने ठेवला की त्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. माईक मुखाच्या जितका जवळ, तितकी शिट्टीची भीती कमी.

स्पीकरची उंची श्रोत्यांच्या बैठकीवरून ठरते. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान फरशीपासून सुमारे अडीच फुटांवर असतो. स्पीकर जमिनीवर ठेवला तर पुढच्या तीन ओळींची शरीरेच ध्वनी पिऊन टाकतात. तो छतालगत टांगून समोर रोखला तर ध्वनी डोक्यांवरून जाऊन मागच्या भिंतीवर आदळतो. आठ-नऊ फुटांवर बसवून, तोंड किंचित खाली झुकवून, त्याचा रोख मागील एक-तृतीयांश बैठकीकडे धरावा. पुढची ओळ मग स्पीकरच्या सरळ माऱ्याखाली येत नाही आणि मागच्या ओळीला थेट शब्द मिळतो. रोख बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी शेवटच्या ओळीत बसून पाहावे. तेथून स्पीकरची जाळी सरळ समोर दिसली पाहिजे.

खोलीचा कोपरा टाळावा. कोपऱ्यात दोन भिंती आणि छत किंवा फरशी मिळून खर्जाचा आवाज फुगवतात. वाणी घागरीतून आल्यासारखी वाटते. प्रवचनासाठी अँप्लिफायरवरील खर्जाची कळ कमी ठेवणेही हिताचे.

उंच, अरुंद अशा कॉलम स्पीकरमध्ये लहान स्पीकर एकाखाली एक बसवलेले असतात. तो उभा लावला की ध्वनी आडवा रुंद पसरतो आणि वर-खाली फारसा जात नाही. घुमणाऱ्या सभागृहाला हाच गुण हवा असतो. जागेची सोय म्हणून तोच स्पीकर आडवा टांगला, तर गुण उलटतो आणि ध्वनी छताकडे व फरशीकडे वाया जातो. पत्र्याचा भोंगा मैदानासाठी आहे. खोलीत त्याचे काम नाही.

सभागृह लांबट असेल तर पुढचे दोन स्पीकर मोठ्याने वाजवण्यापेक्षा मध्यावर आणखी दोन लहान स्पीकर लावून सर्वांचाच आवाज हळू ठेवावा. येथे एक सूक्ष्म बाब आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ११२५ फूट जातो. तारेतून विद्युत संकेत मात्र तत्काळ पोहोचतो. मधला स्पीकर पुढच्या स्पीकरपासून २५ फुटांवर असेल, तर मागच्या श्रोत्याला मधल्याचा शब्द आधी आणि पुढच्याचा सुमारे २२ सहस्रांश सेकंद उशिरा ऐकू येतो. अंतर ५५-६० फुटांवर गेले की शब्द दोनदा ऐकल्यासारखा वाटू लागतो. १९४९ मध्ये जर्मनीतील हेल्मुट हास याने दाखवून दिले की, कान ध्वनीची दिशा प्रथम पोहोचलेल्या आवाजावरून ठरवतो. थोड्या उशिराने आलेला आवाज अधिक मोठा असला तरी ही दिशा बदलत नाही. म्हणून मधल्या स्पीकरचा आवाज मुद्दाम ३० ते ३५ सहस्रांश सेकंद उशिरा सोडतात. आजच्या डिजिटल मिक्सरवर त्यासाठी वेगळी कळ असते. असे केले की शब्द मधल्या स्पीकरमुळे स्पष्ट होतो, पण येतो मात्र पाटावर बसलेल्या महाराजांच्याच मुखातून, असा अनुभव मागच्या श्रोत्याला येतो. नजर आणि कान एकाच दिशेला लागले की चित्तही तेथे स्थिरावते.

खुर्चीवरील श्रोते

या सर्व नियमांहून महत्त्वाची एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक सभागृहात दुर्लक्षिली जाते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांच्या खुर्च्या सर्वांत मागे, भिंतीला लावून मांडलेल्या असतात. पुढे मांडल्या तर मागच्यांना दिसणार नाही, हे कारण रास्त आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, ज्यांची श्रवणशक्ती सर्वांत क्षीण, तेच स्पीकरपासून सर्वांत दूर बसतात. वयोमानाने कान प्रथम उंच पट्टीचे ध्वनी गमावतो, आणि व्यंजने त्याच पट्टीत असतात. अशा कानाला आवाज नुसता मोठा करून दिला तर गलकाच मोठा होतो. त्याला स्वच्छ, थेट, जवळून आलेला शब्द हवा असतो.

विदर्भात यात कूलरची भर पडते. खिडकीत बसवलेला मोठा कूलर बहुधा त्याच खुर्च्यांच्या पाठीशी घोंघावत असतो. आजोबांना गारवा मिळतो आणि प्रवचन हरवते. काही ठिकाणी श्राविकांची बैठक एका अंगाला किंवा खांबांच्या आडोशाला असते. दोन्ही स्पीकरांचा रोख मात्र मधल्या बैठकीकडे असतो. त्यांच्याही वाट्याला भिंतीवरून उसळलेला ध्वनीच येतो.

उपाय साधे आहेत. खुर्च्या मागे न मांडता दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत, पुढच्या अर्ध्या भागात मांडाव्यात. तेथे त्या कोणाच्या नजरेआड येत नाहीत. मागेच मांडणे भाग असेल, तर त्या ओळीसाठी एक लहान स्पीकर पाच-सहा फुटांवर, हळू आवाजात लावावा. कूलर त्या ओळीपासून दूर न्यावा. खांबाआडच्या बैठकीसाठीही वेगळा लहान स्पीकर असावा. नव्या संचाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. आयुष्यभर व्याख्यानाला नियमाने येणाऱ्या आणि आता केवळ मांगलिकासाठी हात जोडून बसून राहणाऱ्या वृद्धांना मात्र त्यातून त्यांचे धर्मश्रवण परत मिळते.

ध्वनिवर्धक नसेल तेव्हा

अनेक साधु-साध्वी ध्वनिवर्धकाचा उपयोग करीत नाहीत. विद्युत ही सचित्त तेजस्काय असून तिच्या वापरात सूक्ष्म जीवांची विराधना होते, अशी त्यांची धारणा आहे. उपाध्याय अमरमुनी आणि तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ यांनी विद्युत अचित्त असल्याचे प्रतिपादन केले, आणि काही परंपरांत ध्वनिवर्धक स्वीकारला गेला. हा निर्णय ज्या-त्या परंपरेचा आणि गुरुभगवंतांचा आहे. श्रावकांचे कर्तव्य इतकेच की, ध्वनिवर्धक नसताना श्रवणाची व्यवस्था अधिक दक्षतेने करावी.

अशा सभेत वक्त्याचे स्थान हेच ध्वनिक्षेपकाचे स्थान. ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद सभागृहात पाट लहान भिंतीशी मांडला, तर दूरच्या कोपऱ्यातील श्रोता सुमारे ६२ फुटांवर जातो. तोच पाट लांब भिंतीच्या मध्यावर मांडला, तर सर्वांत दूरचा श्रोता ४२ फुटांवर येतो. पाटामागे कठीण, सपाट भिंत असावी. ती वाणी पुढे लोटते. तेथे पडदा लावू नये. श्रोत्यांनी अर्धवर्तुळात, मध्ये मोकळी जागा न सोडता बसावे. कूलर व पंखे शक्य तितके बंद ठेवावेत. मुंबईच्या नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातील टाटा थिएटर १९८० मध्ये याच विचाराने उभे राहिले. ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी भारतीय संगीत माईकविना ऐकता यावे अशी त्याची रचना केली, आणि बैठक रंगमंचासमोर पंख्यासारखी पसरली. समवसरणाच्या वर्तुळाशी या मांडणीचे असलेले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

घरातील मांडणी

घरात स्तवन, भक्तिगीत किंवा शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी दोन स्पीकर असतात. बहुधा ते काचेच्या शोकेसमध्ये, एक वर आणि एक खाली, किंवा दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत सापडतात. सामानाच्या सोयीने मिळालेली ही जागा कानाच्या सोयीची नसते.

दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. दोन स्पीकरांत ६ फुटांचे अंतर असेल, तर श्रोत्याने प्रत्येकापासून ६ फुटांवर बसावे. स्पीकरमधील लहान, उंच पट्टीचा भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. गादीवर बसून ऐकण्याची सवय असेल, तर स्टँडही तितकेच बुटके हवे. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर ठेवावे आणि कोपऱ्यापासून त्याहून अधिक. तोंड किंचित आत वळवावे. श्रोत्याने खोलीच्या भर मध्यावर बसू नये, कारण तेथे खर्ज हरवतो. भिंतीला टेकूनही बसू नये, तेथे तो फुगतो.

बाजूच्या भिंतींवरील उसळी ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. एकाने ऐकण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. ज्या ठिकाणी बसलेल्याला आरशात स्पीकर दिसेल, तेथूनच ध्वनी उसळून कानावर येतो. तेथे पडदा, कापडी चित्र किंवा पुस्तकांचे कपाट असावे. समोर गुळगुळीत फरशी असेल तर एक सतरंजी पुरते. ही मांडणी साधली की, गायिकेचा स्वर दोन पेट्यांमधून न येता त्यांच्या मधोमध, जणू समोर बसून गात असल्यासारखा ऐकू येतो.

खाली दुकान आणि वर घर, किंवा शेजाऱ्याशी सामाईक भिंत, अशी रचना बाजारपेठेत नेहमीची. खर्जाचा ध्वनी भिंतीतून सहज पलीकडे जातो. म्हणून सामाईक भिंतीला स्पीकर टेकवू नये आणि त्याच्याखाली रबराचे तुकडे ठेवावेत.

शेजाऱ्याचा कान

भाषासमितीने साधकाला हित, मित आणि प्रिय बोलण्याची मर्यादा घातली आहे. साधकाची वाणी ज्या यंत्रातून बाहेर पडते, त्या यंत्रालाही ती मर्यादा लागू झाली पाहिजे. प्रवचन ऐकण्यासाठी माणसे सभागृहात आली आहेत. बाहेरच्या रस्त्याकडे तोंड केलेला भोंगा ज्यांच्या कानांवर पडतो, त्यांत परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असते आणि आजारी माणूसही असतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंद सभागृहातील आपापसातील श्रवणाखेरीज ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे स्पष्ट केले. योग्य जागी लावलेला स्पीकर हळू वाजवूनही पुरतो, त्यामुळे या मर्यादा पाळणे आपोआप सोपे होते.

चातुर्मासाआधीची एक दुपार

नवा संच घेण्याआधी संघाने एक दुपार या कामाला द्यावी. तीस-चाळीस श्रावक-श्राविकांना नेहमीच्या जागी बसवावे. वृद्धांना त्यांच्या खुर्च्यांवर, श्राविकांना त्यांच्या बाजूला. पंखे आणि कूलर नेहमीप्रमाणे चालू असावेत. प्रत्येकाला कागद व पेन्सिल द्यावी. एकाने पाटाच्या जागेवरून, नेहमीच्या गतीने, ज्यांत केवळ पहिले व्यंजन बदलते असे पंचवीस शब्द वाचावेत: तप, जप, खप, दान, मान, पान, पर्व, गर्व, सर्व. ऐकणाऱ्यांनी जे ऐकू आले ते लिहावे, अंदाज बांधू नये. मग कागद ओळीनुसार लावून चुका मोजाव्यात. चुका कोठे साठल्या आहेत हे लगेच दिसते आणि स्पीकर कोणत्या बाजूला वळवायचा, खुर्च्या कोठे हलवायच्या, पडदा कोठे सोडायचा, हे सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

बदल करून तीच परीक्षा वेगळ्या शब्दांनी पुन्हा घ्यावी. बहुतेक ठिकाणी दोन-तीन फेऱ्यांत काम होते. एवढे करूनही शेवटच्या ओळीत चुका राहिल्या तरच नवीन स्पीकरचा विचार करावा, आणि तो शेवटच्या ओळीजवळ लावावा. मांडणी ठरली की स्पीकर, पाट आणि खुर्च्या यांच्या जागांचा एक साधा नकाशा काढून सभागृहाच्या कपाटात लावून ठेवावा. पुढच्या वेळी विहाराचा निरोप आदल्या सायंकाळी आला, तरी बिछायत केंद्राच्या मुलाला तो नकाशा दाखवला की पुरे.